होटगीच्या डब्यातले चेहरे

होटगी ते सोलापूर हे रेल्वेने सुमारे १५ किलोमीटरचे अंतर. मध्ये टिकेकरवाडी हे एकच स्टेशन. कोर्टाच्या दिवशी सकाळी जाताना आणि संध्याकाळी परतताना हा प्रवास घडतो, आणि गेली काही वर्षे या प्रवासात मी मोबाईलवर सहप्रवाशांचे फोटो काढत आलो आहे. कारखान्यातले कामगार, भाजीवाल्या, कॉलेजची पोरे, दवाखान्यातल्या आया, सफाई कामगार. चळवळीतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ते पाहून विचारले, "मोर्चाचे फोटो काढा, धम्मपरिषदेचे काढा. या बायाबापड्यांच्या फोटोंचा चळवळीला उपयोग काय?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर साधे नाही. फोटो कोण काढतो, कोणाचा काढतो आणि कोणाला विचारून काढतो, या तीन गोष्टींत आपल्या समाजाचा दीडशे वर्षांचा इतिहास भरलेला आहे.

आधी हा डबा कसा आहे ते सांगितले पाहिजे. होटगी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातले गाव. मुंबईहून वाडीमार्गे चेन्नईकडे जाणारा लोहमार्ग येथून जातो आणि येथेच विजापूरमार्गे गदगला जाणारा फाटा फुटतो. हा फाटा १८८४ साली सुरू झाला तेव्हा मीटरगेज होता, आता ब्रॉडगेज आहे. त्यामुळे आमच्या डब्यात एकाच बाकावर चार भाषा बसतात. इंडीकडून आलेला म्हातारा कानडीत बोलतो, त्याला शेजारचा दखनीत उत्तर देतो, सोलापूरच्या पूर्वभागात राहणारी विणकराची बायको फोनवर तेलुगूत बोलत असते आणि भांडण मात्र सगळे मराठीत करतात. खिडकीबाहेर फताटेवाडीच्या औष्णिक वीज प्रकल्पाच्या चिमण्या दिसतात, कोळशाच्या मालगाड्या उभ्या दिसतात. माती काळी, बाभळी पिवळ्या.

या खिडकीतून कुमठ्याच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणीही दिसायची. विमानतळाला अडथळा ठरते म्हणून ती १५ जून २०२३ रोजी पाडली गेली. जून २०२५ मध्ये सोलापूरहून गोव्याला विमान सुरू झाले. माझ्याकडे एका नर्सिंगच्या मुलीचा फोटो आहे. तिच्या खांद्यामागे, खिडकीच्या गजांमध्ये, ती चिमणी उभी आहे. फोटो काढला तेव्हा चिमणीकडे माझे लक्षही नव्हते. आज तो फोटो पाहणारे आधी चिमणी पाहतात आणि मग मुलगी. रोजच्या फोटोचे हे असे असते. त्यात काय महत्त्वाचे ठरणार हे काढणाऱ्याला त्या दिवशी कळत नाही. म्हणून तो रोज काढावा लागतो आणि मागे तारीख लिहावी लागते.

आता इतिहासाकडे येतो. आपल्या पूर्वजांचे फोटो नव्हते असे आपण म्हणतो, पण ते पूर्ण खरे नाही. फोटो होते, पण ते आपले नव्हते. १८६८ ते १८७५ या काळात ब्रिटिश सरकारच्या आश्रयाने 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाचे आठ खंड लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के हे त्याचे संपादक. त्यात साडेचारशेहून अधिक छायाचित्रे आहेत आणि बहुतेकांच्या खाली माणसाचे नाव नाही, तर जातीचे किंवा जमातीचे नाव आहे. त्यासोबत ती जात स्वभावाने कशी, विश्वासू की दगाबाज, याची माहिती. जिवंत माणूस कॅमेऱ्यासमोर उभा केला आणि कागदावर उतरला तो फक्त जातीचा नमुना. मनूने जे शब्दांत केले, त्याला साहेबाने कॅमेऱ्याची जोड दिली, एवढाच काय तो फरक.

सोलापूरकरांना हे दुरून सांगण्याची गरज नाही. गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांना जन्माने गुन्हेगार ठरवले, त्यांची तारेच्या कुंपणातली मोठी वसाहत सोलापुरात होती. आजही त्या भागाला लोक सेटलमेंटच म्हणतात. दिवसातून हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचे नाही आणि गिरणीला स्वस्त मजूर पुरवायचे. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. कायदा गेला, पण 'याचा फोटो पोलीस ठाण्यात असेल' ही नजर गेली नाही. वकील म्हणून मी ही नजर कोर्टाच्या व्हरांड्यात रोज पाहतो.

आणि याच ठिकाणी एक नवा कायदा वाचकांनी माहीत करून घ्यावा. कैद्यांचे फोटो व ठसे घेण्यासाठी इंग्रजांनी १९२० साली कायदा केला होता. त्याच्या जागी २०२२ साली फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा आला. त्यात फोटो, बोटांचे, तळहाताचे, पायाचे ठसे, डोळ्यांच्या बुबुळाचे स्कॅन, सही, हस्ताक्षर असे बरेच काही घेता येते. दोषी ठरलेल्याचेच नाही, तर नुसत्या अटक झालेल्याचेही. ही नोंद ७५ वर्षे जपून ठेवायची तरतूद आहे. आधीची शिक्षा नसलेला माणूस निर्दोष सुटला तर नोंद नष्ट करायची असे कायदा सांगतो, पण कोर्टाला कारणे देऊन ती ठेवता येते. शिवाय आपली नोंद खरोखर नष्ट झाली का, हे विचारायला कोणता पारधी, कोणता कैकाडी, कोणत्या वस्तीतला पोरगा जाणार आहे? घरात लग्नाचा एक फोटो सापडत नाही आणि सरकारदरबारी चेहरा ७५ वर्षे जपून ठेवलेला, अशी ही स्थिती आहे.

दुसरा फोटो गर्दीचा. दरवर्षी ६ डिसेंबरच्या आधी होटगी, टिकेकरवाडी, तिलाटी, अक्कलकोट रोड या बाजूची आपली माणसे मिळेल त्या गाडीने सोलापूर गाठतात आणि तेथून रात्रीच्या गाडीने दादरला जातात. हातात पिशवी, पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. परतताना त्याच पिशवीत पुस्तके असतात. अनेक वर्षे मुंबईच्या काही वृत्तपत्रांनी या माणसांचे काय फोटो छापले ते आपण पाहिले आहे. एक फोटो उंचावरून काढलेला, ज्यात माणसे मुंग्यांसारखी दिसतात. दुसरा फोटो दुसऱ्या दिवशीच्या कचऱ्याचा. पुस्तकाच्या स्टॉलवर पदरातल्या नोटा मोजणाऱ्या बाईचा फोटो पहिल्या पानावर कधी येणार? अलीकडे चित्र थोडे बदलले आहे, आणि ते त्यांच्या मेहेरबानीने बदललेले नाही. आपल्या पोरांच्या हातात मोबाईल आला आणि त्यांनी स्वतः फोटो काढून सर्वत्र पाठवायला सुरुवात केली, म्हणून बदलले.

रेल्वे आणि नजर यांचा संबंध बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणांत १९०१ सालचा प्रसंग आहे. गोरेगावला नोकरीवर असलेल्या वडिलांना भेटण्यासाठी भीमराव, त्यांचे बंधू आणि भाचे साताऱ्याहून रेल्वेने निघाले आणि मसूर स्टेशनावर उतरले. अंगावर इंग्रजी पद्धतीचे सदरे, डोक्यावर नक्षीच्या टोप्या. न्यायला कोणी आले नाही. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली, कारण कपड्यांवरून त्याला ही मुले ब्राह्मणाची वाटली. मुलांनी खरे सांगितले आणि त्याचा चेहरा बदलला. मला या प्रसंगातले सर्वात बोचरे वाटते ते हे की मुले तीच होती, कपडे तेच होते, फलाटही तोच होता. फक्त खालची ओळ बदलली. 'द पीपल ऑफ इंडिया'तल्या फोटोखालची ओळ असते ना, तीच.

आज जनरल डब्यात कोणी जात विचारून जागा देत नाही. खांद्याला खांदा लागतो, डबा उघडला की चटणी पुढे केली जाते. पण टिकेकरवाडी येईपर्यंत आडनाव विचारले जाते, आणि आडनावावरून कळले नाही तर 'मूळ गाव कुठलं वं?' असे विचारले जाते. गावावरून कळले नाही तर 'गावात कुठल्या बाजूला?' या शेवटच्या प्रश्नापर्यंत जाणारा माणूस मला आठवड्यातून एकदा तरी भेटतो.

प्रवासातल्या अनोळखी माणसांचे फोटो काढण्याचा छंद जगभर जुना आहे. अमेरिकेतील वॉकर एव्हान्स या नामवंत छायाचित्रकाराने १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत समोर बसलेल्या प्रवाशांचे फोटो काढले. कॅमेरा कोटाखाली लपवलेला, भिंग दोन गुंड्यांच्या मधून डोकावणारे, आणि बटण दाबायची तार बाहीतून हातात आलेली. समोरच्याला पत्ता नाही. हे फोटो पुस्तकरूपाने आले ते १९६६ साली. फोटो अप्रतिम आहेत यात शंका नाही. थकलेली, हरवलेली, स्वतःशीच असलेली माणसे. कोणी आपल्याकडे पाहत नाही असे वाटले की माणूस जसा दिसतो तसा. पण मी वकील आहे, त्यामुळे माझ्या मनात दुसराच प्रश्न येतो. त्या माणसांना काय मिळाले? त्यांची नावे कोणालाच माहीत नाहीत.

हाच प्रश्न त्या शहरातल्या कोर्टातही गेला. फिलिप-लोर्का डिकोर्सिया या छायाचित्रकाराने टाइम्स स्क्वेअरमध्ये रस्त्यावर दिवे लावून ये-जा करणाऱ्यांचे फोटो त्यांच्या नकळत काढले आणि प्रदर्शनात मांडले. त्यातल्या एका वयस्क, श्रद्धाळू ज्यू गृहस्थांनी दावा लावला. आपला फोटो असा वापरणे आपल्या धर्मश्रद्धेविरुद्ध आहे असे त्यांचे म्हणणे होते. २००६ साली कोर्टाने दावा फेटाळला. हा फोटो कला आहे, आणि कलेला अभिव्यक्तीचे संरक्षण आहे, असा निर्णय झाला. निर्णय तेथील कायद्याप्रमाणे बरोबर असेल. मला तो निर्णय पटतो आणि तरीही त्या म्हाताऱ्याचीच बाजू मनाला लागून राहते.

आपल्याकडचे उदाहरण याहून बरे आहे. अनुश्री फडणवीस यांनी मुंबईच्या लोकलमधल्या महिलांच्या डब्यातले मोबाईलवर काढलेले फोटो 'ट्रेन डायरीज' या नावाने लोकांपुढे आणले. त्या स्वतः त्याच डब्यातून जाणाऱ्या, बाईच बायकांचा फोटो काढते आहे, बोलत बोलत काढते आहे. झोपलेल्या, भाजी निवडणाऱ्या, केस विंचरणाऱ्या बायका आणि त्याच गर्दीतले तृतीयपंथी. तिथे कॅमेरा आणि चेहरा एकाच बाकावर आहेत. माझ्या मते सगळा फरक या बाकाचा आहे.

आता कायदा काय म्हणतो? सार्वजनिक ठिकाणी फोटो काढण्यापूर्वी परवानगी घेतलीच पाहिजे असा सरसकट कायदा भारतात नाही. स्त्रीच्या खाजगी क्षणाचे चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ई कोणाच्याही शरीराच्या खाजगी भागाचे संमतीविना चित्रण करणाऱ्याला शिक्षा देते. पाठलाग, छेडछाड यांची कलमे वेगळी. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्या निकालात असेही म्हटले आहे की माणूस सार्वजनिक ठिकाणी आला म्हणून त्याचा खाजगीपणा संपत नाही, कारण तो हक्क जागेला नव्हे, माणसाला चिकटलेला असतो. तरीही डब्यात झोपलेल्या मजुराचा तोंड उघडे असलेला फोटो काढून हसण्यासाठी गटात टाकला, तर त्याने कोणत्या कलमाखाली कोणाकडे जायचे? व्यवहारात तो कोठेच जात नाही. त्याला तर कळतही नाही.

म्हणून मी या बाबतीत कायद्यापेक्षा पंचशीलाकडे पाहतो. दुसरे शील आपण रोज म्हणतो. त्याचा अर्थ चोरी करू नये एवढाच आपण लावतो. पण त्याचा शब्दशः अर्थ आहे, न दिलेले न घेणे. पैसा, दागिना, धान्य हे तर झालेच. चेहरा हीदेखील माणसाची वस्तू आहे, आणि ज्याच्याकडे दुसरे काही नाही त्याची तर ती एकमेव वस्तू आहे. ती दिली तर घ्यावी.

विचारले की काय होते, हे मी अनुभवाने सांगू शकतो. निम्मे लोक नको म्हणतात. त्यात कॉलेजच्या मुली जास्त, आणि त्यांचे बरोबर आहे. जे हो म्हणतात ते लगेच पदर सावरतात, टोपी नीट करतात, ताठ बसतात. एव्हान्सला हवा होता तो 'नैसर्गिक' चेहरा मग मिळत नाही. पण मला तो ताठ बसलेला चेहराच आवडतो. पिढ्यान् पिढ्या ज्यांना वाकून उभे राहायला लावले, ते कॅमेऱ्यासमोर ताठ बसले तर त्यात खोटे काय आहे? बाजाराला निघालेली एक आक्का म्हणाली, "काढा की वकीलसाहेब, पण पाटी दिसू द्या. पाटीवर दोन पोरं शिकवली मी." मी म्हणालो, "आक्का, पाटी मांडीवर घ्या मग." तिने पाटी मांडीवर घेतली, वरच्या मेथीच्या जुड्या नीट लावल्या आणि मगच होकार दिला.

पण सर्वांना आपली पाटी दाखवायची नसते. एक सफाई कामगार बंधू रोज भेटतात. नारिंगी जाकीट घडी करून पिशवीत ठेवतात आणि इस्त्रीच्या शर्टात बसतात. त्यांनी मला स्पष्ट सांगितले, "जाकिटातला नको. आमचा फोटो छापला की हातात झाडूच का असतो?" यावर मी बरेच दिवस विचार केला. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे जे फोटो काढले, गटारात उतरलेल्या, घाणीने माखलेल्या माणसांचे, त्यांनी या देशाला जे पाहायचे नव्हते ते पाहायला लावले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते फोटो झालेच नसते तर बरे झाले असते असे कोणीही म्हणणार नाही. हाताने मैला साफ करण्याविरुद्धचा कायदा २०१३ साली आला, सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ च्या निकालात रेल्वेलाही रुळांवरची ही प्रथा बंद करण्याबाबत बजावले. असे पुरावे समोर असल्याशिवाय सरकार हलत नाही. तरीही माझ्या सहप्रवाशाचे म्हणणे खोडता येत नाही. अन्यायाचा फोटो हवा आणि माणसाचाही हवा. आपल्याकडे पहिल्याचा साठा आहे आणि दुसऱ्याचा दुष्काळ. मी त्यांचा फोटो काढला तो इस्त्रीच्या शर्टात, हातात मुलीच्या बारावीच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स घेऊन. झेरॉक्स त्यांच्या खिशातच होती.

कॅमेरा कोणाच्या हातात आहे यावर किती अवलंबून असते हे उनाने दाखवले. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातमध्ये मोटा समढियाळाच्या चार दलित तरुणांना मेलेल्या गाईचे कातडे सोलले म्हणून गाडीला बांधून मारले. त्याचे चित्रण मारणाऱ्यांनी स्वतः केले आणि स्वतःच पसरवले. धाक बसावा हा हेतू. पण ते चित्रण पाहून देशभर समाज रस्त्यावर उतरला आणि तेच त्यांच्याविरुद्धचा पुरावा बनले. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५-अ आले, त्याच्या दहाव्या उपकलमानुसार या कायद्याखालील कामकाजाचे चित्रीकरण करायचे आहे. किती ठिकाणी होते हा वेगळा लेखाचा विषय, पण मागणी करण्याचा हक्क आपल्याला आहे आणि वकिलांनी ती लेखी करावी.

कार्यकर्त्यांसाठी एक व्यावहारिक गोष्ट येथेच सांगून टाकतो. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो दाखवला म्हणजे पुरावा झाला असे नाही. जालना मतदारसंघाच्या अर्जुन खोतकर व कैलास गोरंट्याल यांच्या निवडणूक वादात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतेच असे स्पष्ट केले. आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या अनुसूचीत कलम ६३ खालच्या त्या प्रमाणपत्राचा नमुनाच दिला आहे. म्हणून ज्या मोबाईलवर फोटो काढला तो जपा, मूळ फोटो पुसू नका, त्यावर अक्षरे टाकू नका, कोणी, कधी, कोठे काढला हे त्याच दिवशी वहीत लिहा. रोज डब्यातले साधे फोटो काढून ज्याला ही सवय लागली आहे, त्याचा हात ऐनवेळी चुकत नाही. सहकाऱ्यांच्या प्रश्नाचा हा एक कोरडा, वकिली भाग झाला.

दुसरा भाग असा की मी फोटो छापून परत देतो. सोलापुरात स्टेशनजवळच्या दुकानात थोड्या पैशांत चार बाय सहाची प्रत मिळते. मोबाईलवर पाठवा म्हणणारे पुष्कळ, पण कागदावरचा हातात पडला की चेहरा वेगळाच होतो. महिन्याभराने प्रती घेऊन डब्यात गेलो की आधी नको म्हणणारेही पुढे येतात. पाटीवाल्या आक्कांनी आपला फोटो घरी तथागत आणि बाबासाहेबांच्या तसबिरीच्या खाली लावला आहे असे त्यांच्या मुलाने सांगितले. मागच्या बाजूला मी नाव, गाव आणि तारीख लिहितो. जात लिहीत नाही.

परवा इंडीच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना त्यांची प्रत दिली. त्यांनी ती उलटी करून बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "हे मराठीत लिवलंय. नातू कानडी शाळेत हाय." माझे कानडी बोलण्यापुरते, लिहिता येत नाही. समोर बसलेल्या मुलीने माझ्या हातातला पेन घेतला, त्यांना नाव पुन्हा विचारले आणि माझ्या ओळीखाली कानडीत लिहून दिले. तोवर सोलापूरचा फलाट आला होता.